बीबीए-एलएलबी प्रवेश : चुरस किती, कागद कोणते

बारावीचा निकाल लागला की ओळखीतले पालक हमखास विचारतात, "बीबीए-एलएलबीला किती टक्के लागतात हो?" व्यवस्थापन आणि कायदा एकत्र शिकवणारा हा पाच वर्षांचा कोर्स. त्याला टक्के फारसे लागत नाहीत. राज्याच्या सीईटीसाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, ओबीसींना 42, अनुसूचित जाती-जमातींना 40. पण एवढ्यावर फक्त अर्ज भरता येतो. जागा मिळते ती प्रवेश परीक्षेच्या गुणांवर, आणि चुरस तिथेच असते.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. ही परीक्षा हल्ली डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, म्हणजे बारावीच्या पेपरांच्याही आधी. निकालानंतर चौकशीला निघणाऱ्यांचं ते वर्ष गेलेलं असतं. 120 प्रश्न, दोन तास, फक्त इंग्रजी, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. पन्नास हजारांहून जास्त मुलं बसतात आणि जागा तीन-साडेतीन हजारांच्या घरात. त्यातही बऱ्याच जागा बीए-एलएलबीच्या, बीबीएच्या मोजक्याच.

राज्याची पाच वर्षांची लॉ सीईटी त्या मानाने आवाक्यातली. पेपर मराठीतही मिळतो आणि चुकलं तरी गुण जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नका. सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं मात्र नाही. कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करावी लागते. ती राहून गेली तर चांगले गुणही वाया जातात. पुण्याच्या सिम्बायोसिससाठी स्लॅट ही आणखी वेगळी परीक्षा.

आता कागद. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल आणि राखीव प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र. ओबीसींना नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्रही लागतं, आणि त्यात कळीची असते ती तारीख. माझ्या भाच्याचं प्रमाणपत्र आम्ही फाइलला लावलं, शिक्का-सही सगळं जागेवर होतं. वैधता मात्र नुकत्याच सरलेल्या 31 मार्चपर्यंत. प्रवेशासाठी ती पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत हवी असते. नवीन वेळेत हाती आलं नाही. पोरगा खुल्या प्रवर्गात गणला गेला आणि हवं ते कॉलेज थोडक्यात हुकलं. वर्षभर राबलेल्या पोराचा तो उतरलेला चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून एप्रिल उजाडला की लगेच सेतू किंवा आपले सरकार केंद्र गाठा, जूनमध्ये गर्दी होते. जात वैधतेला महिने लागू शकतात. तो अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत जात पडताळणी समितीकडे जाऊ द्या.

आणि एक. तीन वर्षांनी बीबीए घेऊन बाहेर पडू, असं मनात असेल तर हा कोर्स निवडू नका. बार कौन्सिलच्या नियमांनुसार ही जोड पदवी तोडून मिळत नाही, पाचही वर्षं पूर्ण करावी लागतात.