गोल्फ जीटीआय: आठ पिढ्या आणि एक लाल पट्टी

मे 2025 मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ या हॅचबॅकची वेगवान आवृत्ती, गोल्फ जीटीआय, भारतात आणली. एक्स-शोरूम किंमत 53 लाख. पहिल्या खेपेतल्या 150 गाड्यांचं बुकिंग किंमत जाहीर व्हायच्या आतच भरलं होतं. एका हॅचबॅकसाठी अर्धा कोटी मोजणारी ही माणसं कोण, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. उत्तर त्या गाडीपेक्षा तिच्यामागच्या पन्नास वर्षांत सापडतं.

1973-74 मध्ये फोक्सवॅगनची अवस्था वाईट होती. एकट्या बीटलवर दिवस काढणं आता शक्य नव्हतं, त्यात तेलसंकट आलं आणि 1974 सालचा तोटा 80 कोटी मार्कांच्या वर गेला. त्याच वर्षी जॉर्जेटो ज्युजारो या इटालियन डिझायनरने रेखाटलेली गोल्फ बाजारात आली. इंजिन पुढे, ओढ पुढच्या चाकांना, पाण्याने थंड होणारं इंजिन; म्हणजे बीटलच्या अगदी उलटी गाडी. कंपनीचं सगळं भवितव्य तिच्यावर होतं. अशा वेळी कुणी ‘हिची रेसिंगच्या अंगाची आवृत्ती काढू या’ म्हटलं असतं, तर वरिष्ठांनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

म्हणून ते काम चोरून झालं. चाचणी विभागातल्या आल्फोन्स लोव्हनबर्ग या अभियंत्याने 1973 मध्येच स्पोर्टी गाडीची कल्पना कागदावर मांडून सहकाऱ्यांत फिरवली होती. तिला दाद देणारे मोजकेच निघाले. त्यांत जनसंपर्क प्रमुख अँटोन कोनराड होते, चॅसीचं काम पाहणारे हेर्मान हाब्लिट्सेल होते. मंडळी ऑफिस सुटल्यावर कोनराडच्या घरी जमत. पहिला नमुना सिरोको या कूपेवर बेतलेला, कडक सस्पेन्शनचा आणि कर्णकर्कश. तो बराच मवाळ केला तेव्हा कुठे वरिष्ठांना दाखवण्याजोगा झाला. 1975 च्या मे महिन्यात अधिकृत होकार मिळाला आणि सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात गोल्फ जीटीआय उभी राहिली. हिशेब असा होता की खर्च भरून निघायला 5,000 गाड्या खपल्या तरी पुरे.

पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांवर गेल्या.

नेमकं काय केलं होतं त्यांनी? इंजिन आउडी 80 जीटीईमधून उचललेलं, 1.6 लिटरचं, 110 अश्वशक्तीचं. कार्ब्युरेटर नाही; इंधन फवारणारी बॉशची के-जेट्रॉनिक यंत्रणा. हिच्यात इलेक्ट्रॉनिक मेंदू वगैरे काही नव्हता. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढी एक तबकडी वर उचलली जायची, तिच्या दांड्याने इंधनाचा दट्ट्या सरकायचा आणि त्या प्रमाणात पेट्रोल अखंड फवारलं जायचं. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी न अडखळता उचल घेई. वजन सुमारे 810 किलो. कमाल वेग ताशी 182 किलोमीटर. किंमत 13,850 मार्क. ऑटोबानच्या, म्हणजे जर्मन महामार्गाच्या, डाव्या लेनमध्ये मोठ्या बीएमडब्ल्यूच्या आरशात हा चौकोनी डबा दिसू लागला, आणि बाजूला होईपर्यंत हटेना. त्या काळच्या जर्मनीत ही वर्गव्यवस्थेला धक्का देणारी गोष्ट होती, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती नाही.

बाहेरून फरक जेमतेम. काळ्या कमानी, पुढच्या जाळीभोवती बारीक लाल पट्टी, आणि सुरुवातीला लाल नाहीतर चंदेरी एवढेच रंग. आतली कमाल मात्र गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या बाईंची. त्या आधी पोर्सेलीनवर रंगकाम करायच्या आणि फोक्सवॅगनच्या कापड-रंग विभागात काम करणाऱ्या पहिल्या स्त्रिया त्याच. स्कॉटिश चौकड्यांचं सीटचं कापड त्यांचं, आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू बसवायची कल्पनाही त्यांचीच. हे दोन्ही आज जगभर गाडीची ओळख आहेत. इंजिनाचा क्रमांक कुणाच्या लक्षात नसतो.

नंतर सगळेच या खेळात उतरले. 1984 साली प्युजोने 205 जीटीआय आणली, आणि वळणावळणांच्या रस्त्यावर ती गोल्फपेक्षा चपळ आहे असं म्हणणारे आजही भेटतील. अमेरिकेत ही गाडी 1983 च्या मॉडेलपासून रॅबिट जीटीआय या नावाने विकली गेली. ती पेन्सिल्व्हेनियात बनायची आणि तिच्यात फक्त 90 अश्वशक्ती होती. जर्मनीत दुसरी पिढी 1984 ला आली. आकार वाढला, डिकी वाढली, वजनही वाढलं. ते भरून काढायला 16 व्हॉल्व्हचं इंजिन आलं, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय 139 अश्वशक्तीचं, आणि पुढे इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर बसवलेली 160 अश्वशक्तीची जी60. माझ्या मते रोज वापरायच्या जीटीआयमधली सर्वांत समतोल हीच.

याच सुमारास गाडीभोवती एक जत्रा उभी राहिली. ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतात वोर्थरझे सरोवराकाठी राइफनित्स नावाचं छोटं गाव आहे. 1982 मध्ये तिथे जीटीआयवाल्यांचा मेळा सुरू झाला. 1987 मध्ये तिथे ग्रॅनाइटची गोल्फ बसवण्यात आली. पुढे फोक्सवॅगन स्वतः दरवर्षी तिथे काहीतरी अचाट घेऊन जाऊ लागली. 2007 ची डब्ल्यू12 ही त्यातली सर्वांत वेडी: मागच्या सीटच्या जागी बारा सिलिंडरचं इंजिन, 650 अश्वशक्ती. गर्दी, आवाज आणि धुराला गाव अखेर कंटाळलं, करोनात मेळा थांबला तो तिथे अधिकृतपणे परतलाच नाही, आणि 2024 मध्ये कंपनीने तो आपल्या मुख्यालयाच्या गावी, वोल्फ्सबुर्गला नेला.

तिसऱ्या पिढीपासून घसरण लागली. 1991 ची गाडी टनाच्या पुढे गेली आणि इंजिन मात्र 115 अश्वशक्तीचं. त्याच गोल्फमध्ये 174 अश्वशक्तीचं सहा सिलिंडरचं व्हीआर6 मिळत होतं, त्यामुळे जीटीआय घरातच दुय्यम झाली. 1996 मध्ये तिला डिझेल इंजिनही मिळालं. 1998 च्या चौथ्या पिढीत तर लाल पट्टीच गेली. जीटीआय ही उपकरणांची एक पातळी उरली; ब्रिटनमध्ये 115 अश्वशक्तीच्या दोन लिटर इंजिनावरही ती अक्षरं चिकटवलेली असत. सात वर्षांत गाडी जागच्या जागी, आणि वजन आणखी वर.

गंमत म्हणजे याच पिढीत एक झकास इंजिन होतं: 1.8 लिटर टर्बो, 150 अश्वशक्ती. आपल्याकडे ते दुसऱ्याच नावाने पोचलं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली, फोक्सवॅगनच्याच स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस 2004 साली आली, तिच्या बॉनेटखाली याच घराण्यातलं टर्बो होतं. भारतात टर्बो पेट्रोलचं वेड ज्यांनी लावून घेतलं, त्यांतल्या कित्येकांची पहिली ओळख ही. गोल्फवाल्यांनी ज्या इंजिनाला जेमतेम मान दिला, त्याच्या जुन्या गाड्या आपल्याकडे अजून जपून ठेवल्या जातात.

कंपनी शुद्धीवर आली ती पाचव्या पिढीला. 2003 मध्ये झलक दाखवली, 2004 मध्ये गाडी विक्रीला आली. यात नवं आणि जुनं दोन्ही होतं. नवं म्हणजे दोन लिटरचं 200 अश्वशक्तीचं टर्बो इंजिन, दोन क्लचचा स्वयंचलित डीएसजी गिअरबॉक्स आणि मागे अनेक दांड्यांचं मल्टिलिंक सस्पेन्शन. जुनं म्हणजे लाल पट्टी आणि चौकड्यांच्या सीट, दोन्ही परत. मला यातलं सस्पेन्शन सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण आधीच्या दोन पिढ्यांत सरळ रेषेतला वेग कसाबसा मिळायचा, पण वळणात गाडी सुस्त पडायची. आधीच्या पिढ्यांवर टीका करणारेही या गाडीपुढे गप्प झाले.

सहावी पिढी, 2009 ची, ही पाचवीचीच डागडुजी. सातवी, 2013 ची, हलकी झाली, आणि तिच्या परफॉर्मन्स आवृत्तीत पुढच्या दोन चाकांत जोर वाटणारा खरा लॉकिंग डिफरन्शियल आला. आधी हे काम ब्रेक चिमटून भागवलं जायचं. आता वळणात जोर बाहेरच्या चाकाकडे सरकवता येऊ लागला, आणि पुढून ओढणाऱ्या गाडीचं नाक बाहेर पळायचं थांबलं. 2016 ची क्लबस्पोर्ट एस फक्त 400 बनल्या. मागची सीट काढून टाकलेली, 310 अश्वशक्ती, आणि न्यूरबुर्गरिंग या जर्मन रेसट्रॅकवर पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांचा त्या वेळचा विक्रम: 7 मिनिटं 49 सेकंद.

त्या वर्षी भारतातही गोल्फहून लहान पोलोची एक जीटीआय आली, तीन दारांची, 192 अश्वशक्तीची, 26 लाखांच्या घरात. आयात करून फक्त 99 विकायचं ठरलं होतं. चाकणला बनणाऱ्या साध्या पोलोच्या तुलनेत किंमत ऐकूनच बहुतेकांनी हात जोडले, आणि ते रास्तही होतं. चाकणची पोलो जीटी टीएसआय निम्म्याहून कमी पैशांत बरीचशी मजा देत होती.

2020 च्या आठव्या पिढीत इंजिन 245 अश्वशक्तीचं झालं, पण लोक बोलले ते बटणांबद्दल. स्टिअरिंगवर आणि एसीसाठी दाबायच्या बटणांऐवजी स्पर्शाच्या पट्ट्या आल्या, आणि वळण घेताना तळहात लागून भलतंच काही सुरू व्हायचं. 2024 च्या सुधारित गाडीत स्टिअरिंगवर खरी बटणं परत आली, शक्ती 265 झाली. पण त्याच फेरीत मॅन्युअल गिअरबॉक्स कायमचा गेला. भारतात आलेली गाडी ही. 0 ते 100 साठी 5.9 सेकंद, वजन साडेचौदाशे किलोच्या आसपास. स्वतः गिअर टाकायचे असतील, तर 2024 च्या आधीचीच जीटीआय शोधावी लागते, आणि ती भारतात अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही.