फोर्टातला कॉकटेल बार आणि सोलापूरची शिंदी

फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली आणि सकाळी सोलापुरातून निघून दुपारी सीएसएमटीला उतरणे सोपे झाले. स्थानकाबाहेर पडून थोडे चालले की फोर्ट लागतो, पुढे काळा घोडा. जुन्या दगडी इमारती, कमानी, आणि त्यांच्या तळमजल्यावर मंद उजेडातले कॉकटेल बार. नोकरीसाठी मुंबईत राहणारी आपल्याकडची मुले-मुली तिथे जातात, गावाहून आलेल्या मित्रालाही घेऊन जातात. घरी मात्र ‘बाहेर जेवायला गेलो होतो’ एवढेच सांगितले जाते. या संकोचामागे मोठा इतिहास आहे आणि त्यातला सर्वांत धगधगता भाग सोलापुरात घडला आहे. तो ठाऊक असलेला माणूस त्या बारमध्ये वेगळ्या नजरेने बसेल, असे मला मनापासून वाटते.

आधी पेयाविषयी थोडे. १३ मे १८०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने कॉकटेल म्हणजे काय, हे वाचकाला छापून सांगितले: कोणतेही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. बिटर्स म्हणजे कडू मुळ्या, साली, मसाले मद्यात मुरवून काढलेला अर्क. त्याचे थेंबच घालायचे असतात. आज बारच्या फळीवर हमखास दिसणारे अंगोस्तुरा बिटर्स १८२४ मध्ये व्हेनेझुएलात योहान सिगर्ट या जर्मन डॉक्टराने बनवले, तेही पोटाचे औषध म्हणून. पुढे १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. तिथले कसबी बारटेंडर लंडन, पॅरिस, हवाना गाठून कामाला लागले आणि त्यांच्याबरोबर ही कला जगभर गेली. मुंबईत ताजमहाल हॉटेलातला हार्बर बार १९३३ चा. शहरातला पहिला परवानाधारक बार म्हणून तो ओळखला जातो.

१९३३ हे साल लक्षात ठेवावे. त्याच्या तीनच वर्षे आधी याच मुंबई इलाख्यातल्या एका शहरात शिंदीची, म्हणजे रानखजुरीची, झाडे तोडण्यावरून गोळीबार झाला होता. ते शहर सोलापूर.

झाडे का तोडली, हे समजायचे तर अबकारीचा, म्हणजे दारूवरच्या सरकारी कराचा, हिशेब समजून घ्यावा लागतो. शिंदीच्या झाडाला शेंड्याजवळ खाच पाडून मडके बांधतात. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, ती नीरा. ऊन चढेल तसा तो आंबतो आणि दुपारपर्यंत नशा येते. हा रस काढायला ना कारखाना लागतो ना भांडवल. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मात्र हे सारे सरकारी बंदोबस्तात आणले. प्रत्येक झाडावर कर, रस काढायला परवाना, विक्रीच्या दुकानांचे लिलाव, आणि गावोगावच्या लहान भट्ट्यांच्या जागी ठरावीक मोठ्या भट्ट्या. १९२० च्या दशकापर्यंत मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या खालोखाल सरकारला उत्पन्न होते ते दारूचे. गिऱ्हाईक कोण, तर शेतमजूर आणि गिरणी कामगार.

सोलापुरात असे गिऱ्हाईक भरपूर होते. १८६० मध्ये रेल्वे आली. १८७७ मध्ये मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांची गिरणी सुरू झाली, तीच पुढे ‘जुनी मिल’. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून माणसे आली आणि पेठा भरल्या. मिलचा भोंगा झाला की पाळी सुटायची, हातात पगार असायचा, वाटेवर दुकान असायचे. त्या दुकानातून घरी न पोचलेल्या पैशांची कथा सोलापूरच्या जुन्या घरांमध्ये आजही ऐकायला मिळते. तिचा राग बहुतेक वेळा पिणाऱ्यावर निघतो. दुकानाचा लिलाव करून तिजोरी भरणाऱ्यावर तो निघाला, तो १९३० साली.

मे १९३० च्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटले. हरताळ, मिरवणुका, गिरण्या बंद. ८ मे रोजी लोक रूपाभवानी मंदिराच्या परिसरात शिंदीची झाडे तोडायला गेले. पोलिसांनी काहींना पकडले, जमाव अडून बसला, दगडफेक झाली आणि गोळीबाराचा हुकूम सुटला. तरुण शंकर शिवदारे गोळी लागून कोसळला. संतापलेल्या जमावाने मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर हल्ला केला, न्यायालयाच्या इमारतीला आग लावली. त्यानंतरचे तीन-चार दिवस शहरात इंग्रजी अंमल नावापुरताही उरला नव्हता. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपाखाली मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली.

चार पुतळ्यांपाशी दरवर्षी १२ जानेवारीला हार चढतात. शिंदीच्या झाडांचा उल्लेख भाषणांत ओझरता येतो, जणू ते निव्वळ निमित्त होते. मला तसे वाटत नाही. मिठावर जसा कर, तसाच झाडावर. दांडीला मीठ उचलले, सोलापुरात कुऱ्हाड उचलली. दोन्हीकडे घाव सरकारी उत्पन्नावर होता. सोलापूरच्या लोकांना हे नेमके कळले होते, म्हणून ते दुकान फोडायला न जाता आधी झाडांकडे गेले.

स्वातंत्र्यानंतर या भावनेचे कायद्यात रूपांतर झाले. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. एप्रिल १९५० पासून राज्यभर बंदी आली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते आणि त्यांनी हा विषय नेटाने लावून धरला. १९५१ मध्ये या कायद्याला आव्हान देणाऱ्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घालण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला; मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने मात्र बंदीतून सोडवली. आरोग्याच्या कारणाने परमिट मिळत असे, आणि ते मिळवायला डॉक्टरचा दाखला व ओळखपाळख लागे. ज्याच्याकडे ती होती त्याची बाटली कायदेशीर झाली. ज्याच्याकडे नव्हती तो हातभट्टीकडे वळला आणि विषारी दारूचा धोकाही त्याच्याच वाट्याला आला.

१९६० च्या दशकात बंदी सैल होत गेली आणि त्यातूनच पुढे परमिट रूम, म्हणजे परवाना असलेला बार, आली. पिणाऱ्याकडे परमिट हवे, ही अट आजही कायद्यात आहे. एक दिवसाचे, वर्षाचे, आजीवन असे परमिटचे प्रकार आहेत. कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची. कायद्याचे नाव बदलून ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ झाले, पण तो रद्द झालेला नाही. म्हणजे काळा घोड्याच्या सर्वांत झगझगीत बारचा परवानाही दारूबंदीच्याच कायद्याखाली दिलेला असतो.

सोलापूरची परमिट रूम वेगळी. काळ्या काचा, आत ‘फॅमिली’साठी पडदा लावलेली बाजू, आणि ओळखीचे कोणी दिसले तर मान वळवायची रीत. बाईने तिथे एकटीने जाणे आपल्याकडे अजून सहज नाही. फोर्टातल्या बारमध्ये चार मैत्रिणी निवांत बसतात, बारटेंडरशी गप्पा मारतात, बारटेंडरही कधी मुलगी असते. हा बदल मला मोलाचा वाटतो. त्याचबरोबर आपल्या राज्यात बायकांच्या हातात आणखी एक अधिकार आहे: गावात किंवा प्रभागात मतदान घेऊन निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’वर शिक्का मारला की दुकान बंद. ज्या घरात दारूने संसार मोडला तिथली बाई त्या मतपत्रिकेकडे कशी पाहते, हे बारमध्ये बसलेल्या मुलीलाही कळावे. दोघींचा हक्क खरा आहे.

हातभट्टीचा प्रश्न सोलापुरात आजचाच आहे. २०२१ मध्ये ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांमध्ये नुसते छापे न घालता, भट्टीवर पोट असलेल्या कुटुंबांना शिवणकाम, दुकान, शेळीपालन अशा दुसऱ्या कामाकडे नेण्याचा तो प्रयत्न होता. पिढ्यान्‌पिढ्या गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या माणसांशी प्रशासन या भाषेत बोलले, ही मोठी गोष्ट होती.

आता पुन्हा ग्लासाकडे. त्यात सोलापूर किती असते? राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा अशी आपली ओळख. उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरते ती मळी. ती आंबवून, ऊर्ध्वपातन करून, शुद्ध करत नेली की जवळजवळ बिनवासाचे मद्यार्क मिळते. भारतात विकली जाणारी बरीचशी व्हिस्की, रम आणि देशी दारू यावरच उभी आहे; मळीपासूनच्या व्हिस्कीला युरोप व्हिस्की मानत नाही, हा वाद जुना आहे. दुसरी गोष्ट डाळिंबाची. कॉकटेलला लाल रंग देणारे ग्रेनाडीन हे मुळात डाळिंबाच्या रसाचे सरबत. बाटलीबंद ग्रेनाडीनमध्ये आता बहुधा साखरपाक आणि रंगच असतो, पण चांगले बार ते स्वतः करतात. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगोल्याचे ‘भगवा’ जातीचे डाळिंब सोलून, रस गाळून, बरोबरीने साखर घालून मंद आचेवर विरघळवला तर ते ग्रेनाडीन घरीही होते, आणि सोड्याबरोबर लहान मुलांनाही देता येते.

बिल आले की त्यातली कराची ओळ वाचावी. परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या ३ पटींवरून साडेचार पटींवर नेले. या निर्णयांतून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील, असा सरकारचा अंदाज होता. १८७८ मध्ये कर झाडावर होता, आता तो बाटलीवर आहे.

त्याच निर्णयात ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा धान्यापासून बनणाऱ्या, राज्यातल्याच उत्पादकांच्या मद्याचा नवा वर्ग आला. धान्यापासून दारूला राज्याने २००७ मध्ये प्रोत्साहन देऊ केले, तेव्हा ज्वारी भाकरीसाठी की भट्टीसाठी, यावर मोठे वादळ उठले होते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीलाही २०१६ मध्येच मानांकन मिळाले आहे. नव्या वर्गातल्या कारखान्यांना कोणते धान्य लागेल आणि ते कोणत्या भावाने उचलले जाईल, याकडे आपल्या बाजार समित्यांनी आतापासून लक्ष ठेवायला हवे.