ब्लू बॉटल आणि जेलीफिश: माशांची पिल्ले नेमके कोण खाते?

ऑगस्टच्या सुमारास जुहूच्या किंवा गिरगावच्या वाळूवर निळ्या फुग्यासारखे जे प्राणी वाऱ्याने येऊन पडतात, त्यांना आपण सर्रास जेलीफिश म्हणतो; आणि सिंधुदुर्गात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना ते जड करणारे जाड, दुधी, छत्रीसारखे गोळे येतात, त्यांनाही जेलीफिशच म्हणतो. किनाऱ्यावर फिरणाऱ्याला एवढे पुरते. बांगड्या-तारलीच्या पिल्लांना मात्र या दोघांमधला फरक जिवावर बेततो.

ब्लू बॉटल हा एक प्राणी नसून एकमेकांना जोडलेल्या अनेक जीवांची वसाहत असते, त्यामुळे काटेकोरपणे तिला जेलीफिश म्हणताच येत नाही. तिचा फुगा पाण्यावर तरंगतो आणि खाली कित्येक मीटर लांब निळा दोरा सुटलेला असतो. पिल्लू त्याला लागले की दंशपेशींच्या विषाने लुळे पडते, दोरा आखडत वर येतो आणि फुग्याखालची नळीसारखी तोंडे एकामागून एक त्याला चिकटतात. ओठ पसरून ती त्याचे अंग झाकून टाकतात आणि पचन तिथेच सुरू होते. मेक्सिकोच्या आखातातील अभ्यासात तिच्या भक्ष्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक माशांची पिल्लेच आढळली होती.

रापणीतली जाड छत्री बहुधा रायझोस्टोम गटातली असते. तिच्या कडेला दोरे नसतात आणि मधोमध मोठे तोंडही नसते. आठ भुजांवरच्या असंख्य बारीक छिद्रांतून कोपेपॉडसारखे सूक्ष्म जीव आणि माशांची अंडी आत जातात; बोटाएवढे पिल्लू जाणे शक्यच नाही. उलट कॅरांजिड या मासेकुळातली पिल्ले तिच्याच छत्रीखाली आसरा घेतात, आणि तिथे मासा दिसला की ‘खाल्ला’ म्हणून तिच्यावर ठपका येतो, हा मला तिच्यावरचा अन्याय वाटतो. तिच्याकडून होणारा उपद्रव वेगळा आहे: ज्या कोपेपॉडवर पिल्ले वाढायची, तेच ती फस्त करते.

लांब दोऱ्यांच्या खऱ्या जेलीफिशही असतात, आणि त्या पिल्ले खातात. तरीही जाळ्यातून काढलेल्या जेलीफिशच्या पोटात पिल्लू सापडले, एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. जाळ्याच्या टोकाच्या खोळीत सगळे एकत्र दाटल्यावर ते तिथेही गिळले गेलेले असू शकते.