शब्दाने शब्द का वाढतो?

"मी एवढंच म्हटलं, आणि तो एकदम अंगावरच आला." कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगवरून वाजो, शाळेत मधल्या सुट्टीत बाकावरून वाजो, नाहीतर घरात आई आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलीचं वाजो, नंतर दोन्हीकडून हेच वाक्य ऐकू येतं. मध्ये पडणाऱ्याला वाटतं, दोघांतला एक जण नक्की खोटं बोलतोय. बहुतेक वेळा तसं नसतं. दोघंही आपल्याला जे जाणवलं तेच सांगत असतात. घोळ त्या जाणवण्यातच असतो.

२००३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. एकाच्या बोटावर यंत्राने हलका दाब द्यायचा. त्याला जेवढा जाणवला तेवढाच दाब त्याने समोरच्याच्या बोटावर द्यायचा, मग समोरच्याने तेवढाच परत करायचा. दुसऱ्याला काय सांगितलं आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. राग नाही, जुनं वैर नाही, तरीही दाब दर खेपेला सरासरी ३८ टक्क्यांनी वाढत गेला. या हिशेबाने आठ खेपांत तो मूळच्या तेरा पटीपुढे जातो.

याचं कारण असं. आपण स्वतः हालचाल करतो तेव्हा तिच्यातून काय जाणवेल याचा अंदाज मेंदू आधीच बांधून ठेवतो आणि ती जाणीव मंद करतो. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, त्या यामुळेच. समोरच्याकडून आलेल्या दाबाला अशी सूट मिळत नाही, तो पूर्ण जाणवतो. म्हणून "जेवढ्यास तेवढं" देणारा माणूस प्रत्यक्षात जास्तच देतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

शब्द म्हणजे बोटावरचा दाब नव्हे, हे खरं. पण बोलताना आपला हेतू आपल्याला आतून ठाऊक असतो आणि समोरच्यापर्यंत फक्त घाव पोचतो. त्यामुळे इथेही माप तसंच चुकतं. भांडण मिटवण्याच्या ज्या पद्धती टिकल्या आहेत, त्या मला या चुकलेल्या मापावरचे इलाज वाटतात.

पहिला इलाज शरीराचा. भांडण तापलं की अ‍ॅड्रिनलिन वाढतं, नाडी चढते, लक्ष फक्त धोक्यावर खिळतं आणि नीट ऐकून घेण्याची ताकद जाते. अमेरिकेत सिएटलला मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवरा-बायकोंना अंगावर नाडी मोजणारी यंत्रं लावून वाद घालायला बसवलं. नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की बोलण्यातून काही निष्पन्न होत नाही, असं त्यांना दिसलं. मध्येच थांबवून वीसेक मिनिटं नुसती मासिकं चाळायला दिली, तेव्हा तीच जोडपी नंतर बरीच समजुतीने बोलली. घरी यंत्र लागत नाही. मनगटावर दोन बोटं ठेवा, १५ सेकंदांत ठोके मोजा आणि चारने गुणा. २५ ठोके म्हणजे शंभर. (रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी दाबून ठेवतात. त्या चालू असतील तर कानशिलं तापणं, आवाज चढणं याच खुणा धराव्यात.)

ही विश्रांती तीन ठिकाणी फसते. काही न सांगता दार आपटून निघून गेलात, तर विश्रांतीचा अबोला होतो आणि मागे राहिलेल्याची नाडी आणखी चढते. म्हणून जाताना परतायची वेळ सांगायची: "मी आत्ता नीट बोलू शकत नाही. साडेनऊला बसू." किमान वीस मिनिटं, आणि जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत. दुसरी चूक म्हणजे त्या वेळात मनातल्या मनात उत्तरं रचत बसणं. शरीर बाहेर फिरत असलं तरी भांडण आत चालूच राहतं. पर्वतीच्या पायऱ्या चढून या, भाजी निवडा, मन गुंतेल असं काहीही करा. तिसरी चूक "राग बाहेर काढला की शांत वाटतं" या समजाची. ज्याचा राग आला त्याचा विचार करत ठोसे मारायला लावलेले लोक प्रयोगात उलट जास्त आक्रमक झाले.

दुसरा इलाज वाक्याचा. "तू नेहमीच उशीर करतोस" यातल्या 'नेहमीच'ने समोरचा ताबडतोब अपवाद शोधायला लागतो आणि मूळ मुद्दा तिथेच राहतो. त्याऐवजी घटना, परिणाम आणि मागणी, याच क्रमाने बोला: "आठला येतो म्हणालास, पावणेदहा झाले. मला काळजी वाटली, मुलंही जेवायची थांबली. हिंजवडीतून निघताना एक मेसेज टाकत जा." घटना अशी सांगायची की तिथे कॅमेरा असता तर त्यालाही तेवढीच दिसली असती. मागणी अशी, की ती पूर्ण झाली की नाही हे दोघांनाही कळावं. "जरा जबाबदारीने वाग" ही मागणी नव्हे, कारण ती पुरी कधी झाली हे ठरवताच येत नाही. आणि "मला वाटतं की तू बेफिकीर आहेस" हा 'मला वाटतं'चा मुखवटा चढवलेला आरोपच आहे.

तिसरा इलाज सगळ्यात जड जातो आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्यालाच पटेल असं आपल्या शब्दांत मांडायचं, तो "हो, हेच" म्हणेपर्यंत. मान्य करायची गरज नाही, फक्त नीट मांडायचं. बोटाच्या प्रयोगात जी गोष्ट घडलीच नाही ती इथे घडते: आपला दाब पलीकडे किती जाणवला, हे आपल्याला कळतं.

शाळेत नेमकं याच्या उलट चालतं. सहावीतली दोन मुलं एकमेकांना ढकलतात आणि पहिला प्रश्न येतो, "सुरुवात कोणी केली?" प्रत्येकाच्या लेखी सुरुवात समोरच्याच्या कृतीपासून होते, त्यामुळे या प्रश्नाला दोन प्रामाणिक उत्तरं मिळतात आणि बाई चिडतात. मग "सॉरी म्हण, हात मिळव" होतं, आणि शाळेच्या व्हॅनमध्ये तेच भांडण पुन्हा उफाळतं. त्याऐवजी फक्त पंधरा मिनिटं द्या. आधी दोघांना पाणी आणि थोडं अंतर. मग प्रत्येकाला दोन मिनिटं, मध्ये कोणी बोलायचं नाही. दुसऱ्याने ऐकलेलं परत सांगायचं. मग विचारा, "आता तुला काय हवंय?" आणि किमान तीन तोडगे मुलांकडूनच काढून घ्या. पहिल्याच तोडग्यावर थांबू नका, तो बहुधा मोठ्यांना खूश करण्यासाठी असतो. ठरेल ते वहीत लिहायचं: कोण, काय, कधीपासून. आठवड्याने ती वही उघडून बघायची. ही शेवटची पायरी गाळली जाते, आणि मुलांना त्यातून कळतं की लिहिलेल्याला काही अर्थ नव्हता.

एक हद्द मात्र कडकपणे पाळली पाहिजे. तिघं मिळून एकाला रोज छळत असतील तर ते भांडण नव्हे. ताकद सारखी नसते तिथे समेटाला बसवणं म्हणजे त्या मुलाला पुन्हा त्यांच्याच हाती देणं. तिथे संरक्षण आधी. मुलांसाठी १०९८ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर वाक्यांचा क्रम शिकवत बसू नये. स्त्रियांसाठी १८१ आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही आहे. बाकीच्या बेबनावात प्रकरण शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयापर्यंत गेलं तरी १९८४ च्या कायद्याने समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचंच कर्तव्य आहे. मध्यस्थीत बोललेलं गोपनीय राहतं, म्हणून लोक तिथे मोकळे होऊ शकतात.

नवरा-बायकोचा मध्यस्थ दर वेळी बाहेरचाच लागतो असं नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२० जोडपी होती. त्यांच्यातल्या निम्म्यांना वर्षात तीनदा, प्रत्येकी सात मिनिटं लिहायला बसवलं. अलीकडचा वाद घ्यायचा आणि दोघांचंही भलं चिंतणाऱ्या तिऱ्हाइताला तो कसा दिसला असता, ते लिहायचं. वर्षाला एकवीस मिनिटं. बाकीच्या जोडप्यांचं समाधान घसरत राहिलं, यांची घसरण थांबली. भांडणं कमी झाली नव्हती, त्यांचा मनस्ताप कमी झाला होता.

गॉटमन यांच्या मते जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद स्वभावातून येतात आणि कायमचे सुटतच नाहीत. एकाला पंखा पाचवर हवा, दुसऱ्याला थंडी वाजते. एकाला दर रविवारी माहेरची माणसं हवीत, दुसऱ्याला सुट्टीची शांतता. असे वाद निकाली काढायला गेलं की ते चिघळतात. महिन्यातले दोन रविवार तुझे, दोन माझे, असं हंगामी ठरवून तीन महिन्यांनी पुन्हा बोलायचं.

आणि हे सगळं मुलं ऐकत असतात. आई-बाबा भांडले याहून ते कसं मिटलं हे दिसलं की नाही, यावर मुलांची बेचैनी जास्त अवलंबून असते. भांडण हॉलमध्ये आणि समेट बंद दाराआड झाला, तर मुलाला फक्त पहिला अंक दिसतो. खोटं हसू त्याला ओळखता येतं. खरंच मिटलं असेल तेव्हा सकाळी डबा भरता भरता दोन वाक्यं पुरतात: "काल आम्ही दोघं ओरडलो. आता ठरलंय, रविवारी आजीकडे जायचं आणि शनिवारी घरीच."