झोपेतली नाडी

थायरॉइडचा पेशंट सर्जरीच्या वॉर्डात आला की आपल्याकडच्या इंटर्नना एक जुनं काम शिकवलं जातं. रात्री पेशंट गाढ झोपला असताना, त्याला न उठवता, नाडी मोजायची. याला 'स्लीपिंग पल्स' म्हणतात. झोपेतही नाडी पळत असेल तर दोष ग्रंथीचा, झोपेत ती शांत झाली तर दिवसाची धडधड घबराटीची, असा त्यामागचा हिशेब. थायरॉइडपुरता तो उपयोगी आहे. पण डिसऑटोनोमिया, म्हणजे नाडी-रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या चेतासंस्थेचा बिघाड, असलेल्या माणसाला रात्री अडीचला छाती धडधडून जाग येते आणि पाच मिनिटांत सारं शांतही होतं. मिनिटभर मोजलेल्या नाडीत ते सापडणार कसं? या तक्रारीचा इतिहास म्हणजे बराचसा या न सापडण्याचाच इतिहास आहे.

सुरुवात मात्र चांगली झाली होती. अमेरिकी यादवी युद्धातले थकलेले सैनिक फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन इस्पितळात येत. तिथे डॉ. जेकब मेंडेस डा कोस्टा यांनी त्यांना तपासलं आणि १८७१ मध्ये 'इरिटेबल हार्ट', म्हणजे चिडकं हृदय, या नावाने त्याबद्दल लिहिलं. आडवा पडलेला सैनिक उभा राहिला की नाडी किती बदलते हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. श्रमाने धडधड वाढते, पण ती अंथरुणात पडल्या पडल्याही सुरू होते, झोप मोडते, वाईट स्वप्नं पडतात, हेही त्यांनी टिपलं. हातात ईसीजी नव्हता. बोटं, कान आणि पेशंटचं म्हणणं, एवढ्यावर हे साधलं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात असे हजारो सैनिक निघाले. कागदोपत्री नोंद व्हायची 'डीएएच', म्हणजे हृदयाचं बेशिस्त काम. (बेशिस्त हा शब्द सैन्यालाच सुचावा!) हृदयतज्ज्ञ टॉमस लुईस यांनी ते बदलून 'एफर्ट सिंड्रोम' म्हटलं. नावातच श्रम आले, आणि अंथरुणातली धडधड नावाच्या बाहेर राहिली. पुढे १९४१ मध्ये पॉल वुड यांनी या आजाराचं मूळ हृदयात नसून भीतीत आहे, असं ठामपणे मांडलं. वुड यांचा जन्म आपल्या निलगिरीतल्या कुन्नूरचा. फार मोठे हृदयतज्ज्ञ, पण त्यांच्या या मांडणीनंतर अशा रुग्णाची फाइल हृदयाच्या खात्यातून मनाच्या खात्यात गेली, आणि तिथे बराच काळ पडून राहिली.

गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी, १९४० मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या इस्पितळाच्या मॅक्लीन आणि ॲलन यांनी पलंगाचा उपाय सुचवला होता. उभं राहताच ज्यांचा रक्तदाब घसरतो किंवा नाडी उधळते, त्यांच्या पलंगाची उशाकडची बाजू उंच करायची. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सपाट झोपल्यावर पायातलं रक्त छातीकडे येतं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, आणि मूत्रपिंडं मीठ-पाणी बाहेर टाकू लागतात. माणूस रात्री लघवीला उठतो, उभा राहतो, तोवर अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. रक्त पायात साचतं आणि हृदय धावत सुटतं. सकाळ तर अनेकांना सर्वांत जड जाते. म्हणून पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. नुसती जास्तीची उशी घेतली तर मान तेवढी वाकते, बाकी काही होत नाही.

पण पडल्या पडल्याच धडधडतं, त्याचं काय? त्यासाठी हृदयाचे ठोके नोंदवत रात्रभर जागणारं यंत्र हवं होतं. ते अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या हेलेना गावच्या नॉर्मन होल्टर यांनी घडवलं. त्यांचं पहिलं यंत्र पाठीवर वाहायचं आणि सुमारे ३८ किलोचं होतं, ते घेऊन झोपणं शक्यच नव्हतं. १९६१ पर्यंत ते अंगावर सहज बाळगण्याइतकं लहान झालं. मधल्या काळात, १९५३ मध्ये, डोळे भिरभिरणारी स्वप्नांची झोप, म्हणजे 'रेम', सापडली होती. मग रात्र एकसारखी नसते हे कळलं. १९८४ मध्ये घोरण्याच्या आजारातली, म्हणजे स्लीप ॲप्नियातली, श्वास अडकण्याबरोबर मंदावणारी आणि पुन्हा उसळणारी नाडीही नोंदली गेली. रात्रीच्या प्रत्येक धडधडीवर डिसऑटोनोमियाचा शिक्का मारू नये, याचं हे एक कारण. ॲनिमिया, थायरॉइड, हृदयाच्या तालातले खरे बिघाड, ही इतर कारणं आहेतच.

आणि मग १९९३. या एकाच वर्षात दोन निबंध आले. सॉमर्स आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या नसांमधले संदेश झोपेत मोजले. गाढ झोपेत अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे शरीराचा ॲक्सलरेटर, मंदावते, पण रेममध्ये ती जागेपणापेक्षाही जोरात चालते. झोप जराशी चाळवली तरी तिचा एक झटका येतो. निरोगी माणसात तो जिरून जातो. ज्याचा ब्रेकच सैल आहे त्याला तोच झटका जागं करत असेल, असा तर्क त्यावरून करता येतो. दुसरा निबंध शॉन्डॉर्फ आणि लो यांचा, मेयो क्लिनिकचाच. त्यातून 'पॉट्स' (पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम), म्हणजे उभं राहताच नाडी पळवणारा डिसऑटोनोमियाचा प्रकार, हे नाव रूढ झालं. आज व्याख्या अशी आहे: उभं राहिल्यावर १० मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला ३० ने वाढायला हवी, १२ ते १९ वयात ४० ने, आणि रक्तदाब घसरलेला नसावा.

या व्याख्येने हजारो लोकांना 'मनाचे खेळ' या शेऱ्यातून सोडवलं, यात वाद नाही. पण चाचणी दिवसा होते आणि उभ्याने होते. रात्रीसाठी तिच्यात एकही आकडा नाही. कोविडनंतर पॉट्सचे रुग्ण वाढले, तेव्हा त्यातले कित्येक जण मनगटावरच्या घड्याळातला रात्रीचा आलेख घेऊन ओपीडीत आले. सपाट चाललेली रेघ, आणि मधेच अडीच वाजता सुळक्यासारखी वर गेलेली.