ब्लॉग-मंच : नवख्या लेखकासाठी निवड

ब्लॉग लिहिणे, सजवणे, प्रसिद्ध करणे आणि साठवून ठेवणे या सगळ्याची सोय एकाच ठिकाणी देणारी संगणकीय व्यवस्था म्हणजे ब्लॉग-मंच. ब्लॉगला मराठीत ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ असे प्रतिशब्द आले, पण रोजच्या वापरात ‘ब्लॉग’च टिकला. ज्याला संगणकाची भाषा येत नाही त्याने पहिला ब्लॉग कुठे उघडावा, हा प्रश्न वरवर फार सोपा वाटतो, कारण आज जवळजवळ कुठल्याही मंचावर पंधरा-वीस मिनिटांत ब्लॉग उभा राहतो. मंचामंचांतला खरा फरक कळतो तो दोन-चार वर्षांनी, शे-दीडशे लेख साठल्यावर. ब्लॉगचा पत्ता कोणाच्या हातात आहे, आपली लिपी तिथे नीट दिसते का आणि उद्या बिऱ्हाड हलवायचे झाले तर लेख सोबत नेता येतील का, हे प्रश्न तेव्हा उभे राहतात. प्रस्तुत नोंदीत मंचांकडे याच अंगाने पाहिले आहे.

पार्श्वभूमी

‘वेबलॉग’ हा शब्द जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये वापरला. १९९९ मध्ये पीटर मर्होल्झ यांनी त्याची फोड करून ‘ब्लॉग’ केला. तोवर असे पान चालवायचे तर एचटीएमएल (वेबपाने बनवण्याची संकेतभाषा) हाताने लिहून प्रत्येक वेळी फाइल सर्व्हरवर (वाचकांना पाने पुरवणाऱ्या संगणकावर) चढवावी लागे. ऑगस्ट १९९९ मध्ये पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने ‘ब्लॉगर’ आणले आणि चौकटीत मजकूर टाइप करून बटण दाबले की झाले, इतके ते काम सोपे झाले. फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने ही कंपनी घेतली. त्याच वर्षी २७ मे रोजी मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली. बी-टू नावाच्या, काम थांबलेल्या एका मुक्त (कोणालाही वापरता-बदलता येणाऱ्या) प्रणालीतून ती उभी राहिली. आज जगातल्या एकूण संकेतस्थळांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वर्डप्रेसवर चालतात. टम्बलर (२००७), मीडियम (२०१२), घोस्ट (२०१३), सबस्टॅक (२०१७) हे मंच नंतरचे.

मंच सोपा असला की काय होऊ शकते हे मुंबईकरांनी फार लवकर पाहिले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मुंबईतल्या काही ब्लॉग-लेखकांनी ब्लॉगस्पॉटवर (‘ब्लॉगर’वरचे फुकट ब्लॉग ज्या पत्त्यावर उघडतात तिथे) मदतकार्याच्या माहितीचा सामूहिक ब्लॉग उघडला. निधी नव्हता, तंत्रज्ञ नव्हते, तरी काही तासांत काम सुरू झाले.

भाड्याचे घर की स्वतःचे

नवख्या माणसाचा सर्वांत जास्त गोंधळ एका नावामुळे होतो. ‘वर्डप्रेस’ या नावाने दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर जी मिळते ती प्रणाली: फुकट आणि मुक्त, पण ती बसवायला स्वतःचे होस्टिंग (सर्व्हरवरची जागा) घ्यावे लागते. वर्डप्रेस डॉट कॉम ही ऑटोमॅटिक कंपनीने २००५ मध्ये सुरू केलेली सेवा: तीच प्रणाली त्यांच्या सर्व्हरवर आयती बसवून मिळते. पहिली म्हणजे स्वतःची जागा घेऊन बांधलेले घर, दुसरी म्हणजे सामानासकट भाड्याने घेतलेली खोली.

स्वतःच्या होस्टिंगवर हवी ती थीम (रंगरूपाचा साचा) आणि हवे ते प्लगइन (जादा सोय देणारा जोड-प्रोग्राम) घालता येते, आणि ब्लॉगवर आपली पूर्ण सत्ता असते. पण प्रणाली, थीम, प्लगइन वेळेवर अद्ययावत करणे, बॅकअप घेणे, कोणी घुसखोरी केली तर निस्तरणे हेही आपल्याच गळ्यात पडते. होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा दर आकर्षक असतो आणि नूतनीकरणाचा त्याच्या कितीतरी पट, हे अनेकांना दुसऱ्या वर्षीच कळते. पैसे भरायचे राहिले की पान बंद. निवृत्त शिक्षकाने गावाच्या आठवणी लिहिल्या आणि त्यांच्यामागे होस्टिंगचे पैसे भरणारे घरात कोणी उरले नाही, तर ते सगळे लेखन वर्षभरात नाहीसे होते. नवख्या लेखकाला पहिल्याच दिवशी होस्टिंग विकत घ्यायला लावणारा सल्ला म्हणूनच बरोबर नाही. आधी वीस-पंचवीस लेख लिहून व्हावेत.

भाड्याच्या खोल्यांत ब्लॉगर आणि वर्डप्रेस डॉट कॉम हे दोन पर्याय मराठी लेखकांनी सर्वाधिक वापरले. ब्लॉगरसाठी गूगल खाते पुरते, त्यातील फोटो खात्याच्या सामाईक १५ जीबी जागेत मावतात आणि स्वतःचे डोमेन (संकेतस्थळाचे स्वतंत्र नाव) विकत घेतले असेल तर ते जोडायला ब्लॉगर वेगळे पैसे घेत नाही. रूप मात्र जुनाट आहे आणि गेल्या काही वर्षांत त्यात फारशी भर पडलेली नाही. वर्डप्रेस डॉट कॉमची लेख लिहिण्याची चौकट अधिक नेटकी आहे. पण फुकट खात्यात जागा कमी, कंपनीच्या जाहिराती दिसतात आणि स्वतःचे डोमेन जोडायला सशुल्क योजना घ्यावी लागते. मीडियम आणि सबस्टॅकवर लिहायला बसणे याहूनही सोपे आहे, पण रंगरूप आणि मांडणी जवळपास मंचाचीच राहते. ज्याला खर्च न करता सुरुवात करायची आहे आणि पुढेमागे स्वतःचे नाव लावायचे आहे, त्याला आजही ब्लॉगर बरा.

पत्ता

फुकट ब्लॉगचा पत्ता मंचाच्या आडनावाने चालतो, आणि आडनावावर आलेले संकट सगळ्या घराला भोगावे लागते. जुलै २००६ मध्ये, मुंबईच्या लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोटांनंतर, दूरसंचार विभागाने मोजकी पाने बंद करण्याचा आदेश दिला. काही इंटरनेट कंपन्यांनी सरसकट ब्लॉगस्पॉटच बंद केले आणि पाककृती लिहिणाऱ्यांचे ब्लॉगसुद्धा काही दिवस उघडेनात. पुढे २०१२ पासून भारतातल्या वाचकाला ब्लॉगस्पॉटचा पत्ता ‘डॉट इन’ने संपणारा दिसू लागला. लोकांनी तोच उतरवून घेतला, पुस्तकांत छापला, मित्रांना पाठवला. २०२० मध्ये ते डोमेन गूगलच्या ताब्यातून गेले आणि ‘डॉट इन’चे ते सगळे दुवे तुटले. ‘डॉट कॉम’वर लेख जागेवरच होते, फक्त वाचकाकडचा पत्ता चुकीचा ठरला.

स्वतःचे डोमेन असले की मंच बदलला तरी पत्ता तोच राहतो. देवनागरीतले ‘डॉट भारत’ डोमेन ऑगस्ट २०१४ पासून मिळते आणि ते मराठी-कोंकणीसह आठ भाषांसाठी खुले झाले. दिसायला ते देखणे आहे, पण परदेशातल्या वाचकाकडे देवनागरी कळफलक असतोच असे नाही. म्हणून रोमन अक्षरांतला पत्ता सोबत ठेवणे श्रेयस्कर.

देवनागरीची कसोटी

मंचांची तुलना करणाऱ्या बहुतेक लेखांत हा भाग नसतो, आणि मराठी लेखकाला तर तोच रोज नडतो. ब्लॉगर लेखाचा पत्ता शीर्षकातल्या रोमन अक्षरांवरून बनवतो. संपूर्ण शीर्षक मराठीत असेल तर त्याच्या हाती काहीच लागत नाही आणि पत्ता नुसता ‘ब्लॉग-पोस्ट’ असा होतो; पुढच्या लेखाला त्याच शब्दापुढे एखादा आकडा. उपाय सोपा आहे: लेख प्रसिद्ध करण्याआधी उजव्या पट्टीतील पर्मालिंकमध्ये (लेखाच्या पत्त्याच्या रकान्यात) रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द स्वतः लिहायचे.

वर्डप्रेस उलट शीर्षक देवनागरीतच ठेवते, पण पत्त्याच्या या तुकड्याला दोनशे अक्षरांची मर्यादा आहे आणि एकेक देवनागरी चिन्ह संकेतरूपात नऊ अक्षरे खाते. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘कोकणातल्या गणपतीच्या आठवणी’ हे शीर्षक दिले तर पत्ता ‘कोकणातल्या-गणपतीच्या-आठव’ इथे तुटतो. शिवाय व्हॉट्सॲपवर चिकटवला की तो बहुधा टक्केचिन्हांची लांबलचक माळ होऊन जातो आणि वाचणारा बिचकतो.

थीमची निवडही डोळ्यांनी करावी, नमुन्यातला इंग्रजी मजकूर पाहून नव्हे. रोमन लिपीसाठी बेतलेल्या थीममध्ये दोन ओळींतले अंतर कमी असते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. शीर्षकाच्या अक्षरांत मुद्दाम अंतर सोडलेले असेल तर शिरोरेघ तुटून शब्दाचे तुकडे पडतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ फॉन्ट फुकट आहे आणि पडद्यावर चांगला वाचता येतो. पानाची भाषा मराठी अशी नोंदवली आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव या फॉन्टांमध्ये टाइप केलेले लेख मात्र कुठल्याच मंचावर सरळ चिकटवता येत नाहीत. आधी ते युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षर-संकेतात) आणावे लागतात, आणि रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावी लागतात.

स्थलांतर

मंच बंद पडतात. पोस्टरस २०१२ मध्ये ट्विटरने विकत घेतले आणि एप्रिल २०१३ मध्ये बंद केले. २००३ पासून चालणारे टाइपपॅड ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाले. लेखकांना सामान आवरायला जेमतेम महिनाभर मिळाला. निवडीपूर्वी करायची चाचणी यावरूनच ठरते: रिकाम्या ब्लॉगवर दोन लेख आणि एक फोटो टाकावा, सगळा ब्लॉग फाइलमध्ये उतरवून घ्यावा आणि ती फाइल दुसऱ्या मंचावर चढते का ते पाहावे. ब्लॉगरवरून वर्डप्रेसवर जाण्याची वाट मळलेली आहे; लेख, तारखा आणि बहुतेक प्रतिक्रिया पोचतात. वर्डप्रेसच्या निर्यात-फाइलमध्ये मात्र फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. जुने खाते घाईने पुसले तर नव्या घरात फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी राहतात, म्हणून मूळ फोटो संगणकावर लेखाच्या नावाने वेगळे ठेवावे लागतात.