सलग आठ वेळा लाल आलं, म्हणजे आता काळंच?

रुलेट, म्हणजे फिरत्या चाकात चेंडू कुठल्या आकड्यावर वा रंगावर थांबेल यावर पैसे लावायचा खेळ, नव्याने खेळणाऱ्याला पहिला सल्ला हमखास हाच मिळतो: "लाल खूप वेळ आलंय, आता काळ्यावर लाव." ऐकायला पटतं, पण साफ चूक आहे.

युरोपियन चाकात 37 घरं असतात. 18 लाल, 18 काळी आणि एक हिरवं शून्य. काळं येण्याची शक्यता प्रत्येक फेरीला 37 पैकी 18, म्हणजे साधारण 48.6 टक्के. आधी आठ वेळा लाल आलं असो की ऐंशी वेळा, आकडा तोच. चेंडूला मागचं काही आठवत नाही! ऑनलाइन टेबलावर तर बहुतेकदा चेंडूही नसतो. प्रोग्रॅम दर वेळी नवा आकडा काढतो.

1913 साली माँटे कार्लोच्या कॅसिनोत सलग 26 वेळा काळं आलं. 'आता तरी लाल' म्हणत लोक रक्कम वाढवत गेले आणि पैसे गमावून बसले.

आणि ते शून्य? रंगावर लावलेले पैसे तिथे सहसा बुडतात. लावलेल्या पैशांवर कॅसिनोची सरासरी 2.7 टक्के कमाई त्या एका घरामुळे होते. अमेरिकन चाकात शून्यं दोन, त्यामुळे ती 5.26 टक्के.

पत्त्यांच्या ब्लॅकजॅकमध्ये मात्र गेलेले पत्ते खरंच फरक पाडतात, पण गड्डी दर डावाला नव्याने पिसली तर तेही संपलं.